दर्यातली रेघ आणि पाणंदीची केस

प्रश्न : मी मालवणजवळच्या एका वाडीत राहते. यंदा बी.ए.चं शेवटचं वर्ष, विषय राज्यशास्त्र. पुढं आंतरराष्ट्रीय कायदा आणि आंतरराष्ट्रीय संबंध हे दोन्ही एकत्र शिकवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम करावा असं मनात आहे. पण हे दोन विषय एकत्र का शिकवतात हे मलाच धड सांगता येत नाही. आमचे एक सर म्हणतात, कायदा म्हणजे कायदा, त्यात राजकारण कशाला? दुसरे म्हणतात, देशादेशांत कसला आलाय कायदा, बळी तो कान पिळी. माझे बाबा मासेमारी करतात. ते विचारतात, "ह्यां शिकान तू काय दर्यात रेघ मारतलंस?" शिवाय आमच्या पाणंदीची केस चौदा वर्षं कोर्टात पडून आहे. त्यामुळं घरात 'कायदा' म्हटलं की बाबा उठून पडवीत जातात. त्यांना काय सांगू?
— एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : नातीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करतो. आणि सुरुवात तुझ्या सरांपासून न करता बाबांपासून करतो, कारण पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न त्यांचा आहे.

दर्यात रेघ मारायची राहिलेलीच नाही, ती मारून झालीय. संसदेनं १९७६ मध्ये सागरी हद्दींचा कायदा केला आणि सुकतीच्या रेषेपासून बारा सागरी मैल हा भारताचा प्रादेशिक समुद्र धरला. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तेव्हा बारा मैल म्हणजे साधारण सव्वाबावीस किलोमीटर. त्यापुढं चोवीस मैलांपर्यंत आणखी एक पट्टा, तिथं जकात आणि सुरक्षेसारख्या कामांपुरता आपला हात पोचतो. आणि दोनशे मैलांपर्यंत, म्हणजे ३७० किलोमीटरपर्यंत, मासळी आपली, तळाखालचं तेल आणि वायू आपला, पण पाण्यावरून जायला जगाच्या जहाजांना मोकळीक. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी करारात हेच आकडे आहेत. भारतानं त्या करारावर १९९५ मध्ये शिक्कामोर्तब केलं.

बाबा दर्या वावात मोजतात. करार तो मैलात मोजतो. भांडण सुरू होतं ते इथं. आपल्या राज्यघटनेनं मासेमारी हा विषय राज्यांकडं दिला, पण प्रादेशिक समुद्राबाहेरची मासेमारी केंद्राकडं ठेवली. त्यामुळं महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा बारा मैलांवर जाऊन संपतो. कर्नाटकातल्या मलपीचे ट्रॉलर आले, जाळी फाडून गेले, अशी बोंब उठते, गस्तीची नौका जाते, एखादा ट्रॉलर बंदरात ओढून आणला जातो. मग सगळा मामला येऊन थांबतो जीपीएसवरच्या आकड्यांपाशी. पकडला तेव्हा तो बाराच्या आत होता की बाहेर? आत असेल तर महाराष्ट्राचा गुन्हेगार. बाहेर असेल तर तोही भारतीय, बाबाही भारतीय, आणि दर्या केंद्राचा. ही रेघ पाण्यावर दिसत नाही, पण दंडाच्या पावतीवर स्पष्ट दिसते. आणि कर्नाटकाऐवजी पलीकडे दुसरा देश असेल, तर त्याच रेघेचं काय होतं, एवढाच तुझ्या अभ्यासक्रमाचा विषय आहे असं म्हटलं तरी चालेल.

त्याचं उदाहरण केरळचं आहे आणि तुमच्या घरात ते लगेच कळेल. १५ फेब्रुवारी २०१२ ला 'सेंट अँटनी' नावाची मच्छीमार बोट केरळच्या किनाऱ्यापासून साडेवीस सागरी मैलांवर होती. जवळून 'एनरिका लेक्सी' हा इटलीचा तेलवाहू टँकर चालला होता. त्यावर पहाऱ्याला असलेल्या दोन इटालियन नौसैनिकांना ती चाच्यांची होडी वाटली. त्यांनी गोळ्या झाडल्या आणि दोन मच्छीमार जागच्या जागी गेले.

साडेवीस मैल, म्हणजे बाराच्या बाहेर आणि चोवीसच्या आत. केरळ पोलिसांनी दोघांना धरलं. इटली म्हणाली, जहाज आमचं, माणसं आमच्या सरकारची, खटला आम्ही चालवू. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की इथं केरळचा अधिकार पोचत नाही, खटला चालवायचा तर केंद्रानं. इथवर सगळं कायद्याचं. पुढच्याच महिन्यात न्यायालयानं त्या दोघांना इटलीच्या निवडणुकीत मत द्यायला चार आठवडे घरी सोडलं. हमी कोणाची? इटलीच्या राजदूताची, प्रतिज्ञापत्रावर. मार्चमध्ये इटलीनं कळवलं, आता ते परत येणार नाहीत. न्यायालयानं राजदूतालाच देश सोडायची मनाई केली. राजदूताला हात लावायचा नाही, हे १९६१ च्या व्हिएन्ना करारात लिहिलेलं आहे. म्हणजे इथं कायदाच कायद्याच्या अंगावर गेला. दोन्ही राजधान्यांत फोन खणखणले, आणि २२ मार्चला ते दोघे दिल्लीत परत हजर झाले. कोणत्या कलमानं? कोणत्याच नाही.

पुढं प्रकरण हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणाकडं गेलं, तिथून हेगमधल्या लवादाकडं. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्या नौसैनिकालाही घरी जाऊ दिलं. जूनमध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या देशांच्या गटात भारताला प्रवेश मिळाला. त्याआधी त्या दारात इटली आडवी उभी आहे, असं वर्तमानपत्रं छापत होती. दोन गोष्टींचा संबंध कोणी कागदावर मांडलेला नाही, मांडणारही नाही. २०२० मध्ये लवादानं दोन्ही बाजूंना थोडं थोडं दिलं. नौसैनिक सरकारी कामावर होते, म्हणून भारतानं त्यांच्यावर खटला चालवायचा नाही. पण इटलीनं भारतीय बोटीच्या समुद्रसंचाराचा हक्क मोडला, म्हणून भरपाई द्यायची. दहा कोटी आले. दोन्ही कुटुंबांना चार-चार आणि बोटीच्या मालकाला दोन, आणि जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खटला बंद केला. नऊ वर्षं लागली. तुमच्या पाणंदीपेक्षा लवकरच म्हणायचं.

ही गोष्ट नुसता कायदा शिकलेल्या माणसाला सांग. तो म्हणेल, मार्च २०१३ मध्ये काय झालं हे कोणत्या कलमात बसतं ते सांगता येत नाही. नुसते संबंध शिकलेल्याला सांग. तो म्हणेल, सगळा दबावाचा खेळ. मग शेवटी इटलीनं पैसे का मोजले, आणि ते नेमके 'समुद्रसंचाराच्या हक्कापोटी' का, याचं उत्तर त्याच्याकडं नसेल. तुझे दोन्ही सर अर्धे-अर्धे बरोबर आहेत.

आता पाणंदीकडं येतो. पडवीत बसलेल्या बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात हे वाच.

माझ्या आजोळीही अशी एक केस झाली होती. गडग्याला लागून वाट, वाटेच्या तोंडाला बेडं. एका पावसाळ्यानंतर शेजारच्यांनी बेड्याच्या जागी चिरे रचले. दावा लागला. दोन्हीकडचे वकील एकाच प्रश्नाभोवती फिरत होते. वाट होती का, हा तो प्रश्न नव्हे, कारण ती सगळ्यांना ठाऊक होती. वाटेवरून काय जात होतं, हा तो प्रश्न. साक्षीला माझी चुलत आजी. वकिलानं विचारलं, "बैलगाडी जात होती?" म्हातारी म्हणाली, "माझी वरात गेली. देवाची पालखी जाता. गाडी खंय जातली, आमच्याकडे गाडीच नाय होती." निकाल लागला तो तिच्या त्या वाक्यावर : माणसं जातील, डोक्यावरचा भारा जाईल, गाडी जाणार नाही. १८८२ च्या सुखाधिकाराच्या कायद्यानं वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा वहिवाट झाली की हक्क लागतो. पण तो लागतो तेवढ्याच वापराचा, जेवढा झाला.

आता हाच दावा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालला होता असं सांगितलं तर? खरंच चालला होता. एका बाजूला पोर्तुगाल, दुसऱ्या बाजूला भारत, आणि मध्ये एक पाणंद. तिच्यासाठी काढलेली कागदपत्रं पुण्याच्या पेशव्यांची.

दमण पोर्तुगीजांकडं होतं, आणि आत गुजरातच्या बाजूला दादरा आणि नगर हवेली ही त्यांची दोन ठाणी. मध्ये सगळा मुलूख भारताचा. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ही दोन्ही ठाणी मुक्त झाली. त्या मोहिमेत पुण्या-मुंबईची बरीच मंडळी होती, सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे त्यांच्यातच. पोर्तुगालला दमणहून कुमक पाठवायची होती. भारतानं वाट अडवली. मग पोर्तुगालनं काय केलं बघ. १४ डिसेंबर १९५५ ला तो देश संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. १९ तारखेला त्यानं न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याचा कागद दाखल केला. २२ तारखेला भारतावर दावा. आपल्याकडचा सराईत दावेदार यापेक्षा चपळ असेल असं मला वाटत नाही. भारतानं सहा प्राथमिक हरकती घेतल्या. १९५७ मध्ये चार फेटाळल्या गेल्या, दोन मुख्य सुनावणीबरोबर ऐकायचं ठरलं.

भारताच्या बाजूनं महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. भारतातर्फे नेमलेले तात्पुरते न्यायाधीश म्हणून खंडपीठावर बसले मुंबई उच्च न्यायालयाचे एम. सी. छागला. पोर्तुगालचं म्हणणं असं : १७७९ च्या डिसेंबरात मराठ्यांशी आमचा तह झाला, पुढं १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा मिळाल्या, त्यांनी ही गावं आम्हाला दिली. मालकी दिली म्हणजे तिथं जायची वाटही दिली. भारताचं म्हणणं : मालकी नव्हे, बारा हजार रुपये वसुलाचा मुलूख तोडून दिला होता, सरंजाम म्हणून.

सरंजाम! बाबांना विचार, त्यांना हा शब्द ठाऊक असेल. जहागीर, सरंजाम, इनाम यांतला फरक कोकणातल्या कुठल्याही जुन्या घराला समजावावा लागत नाही. हेगमध्ये मात्र त्यावर युक्तिवाद झाले, मराठी मजकुराची भाषांतरं पुढं ठेवली गेली, शब्दाशब्दावर मतभेद झाले. न्यायालयानं मराठ्यांचे इतर तह काढून पाहिले. मुलूख कायमचा आणि राज्यसत्तेसकट तोडून द्यायचा असे, तेव्हा मराठे तसे शब्द वापरत. या तहात ते शब्द नाहीत. सरंजाम दिल्यामुळं राज्यसत्ता गेली असं एकही उदाहरण पोर्तुगाल पुढं आणू शकला नाही. म्हणून मराठ्यांच्या कागदावरून मालकी सिद्ध होत नाही, असा निर्णय झाला. नाना फडणवीसांच्या अमलातल्या कारकुनांनी शब्द नेमके वापरले होते आणि पावणेदोनशे वर्षांनी ते कामी आले, याचा मला दर वेळी वाचताना आनंद होतो.

पण थांब. दावा तिथं संपला नाही. मराठ्यांनी मालकी दिली नसली तरी पुढं इंग्रजांनी पोर्तुगीजांना तिथले धनी मानून शंभर-सव्वाशे वर्षं वागणूक दिली. त्या काळात माणसं ये-जा करत होती, मुलकी अधिकारी जात होते, माल जात होता. म्हणजे वहिवाट. मात्र सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा न्यायचा तर दर वेळी इंग्रजांची परवानगी लागत असे. १२ एप्रिल १९६० चा निकाल म्हणून असा : सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या जाण्याचा हक्क होता, अकरा विरुद्ध चार. सैन्य आणि शस्त्रं यांचा नव्हता, आठ विरुद्ध सात. आणि जो हक्क होता, तो १९५४ च्या तंग परिस्थितीत भारतानं रोखला तेव्हा त्यानं काही मोडलं का? नाही, नऊ विरुद्ध सहा.

माणसं जातील, गाडी जाणार नाही. माझ्या चुलत आजीची साक्ष. फरक एवढाच की तिच्यापुढं एकच न्यायाधीश होता आणि इथं पंधरा.

या निकालानंतर दोन्ही देश जिंकल्याच्या चेहऱ्यानं घरी गेले. तुझ्या अभ्यासक्रमाचा दुसरा अर्धा भाग इथून सुरू होतो. कारण न्यायालयात काहीही ठरलं तरी दादरा-नगर हवेली आधीच पोर्तुगालच्या हातातून गेलेली होती. १९५४ पासून तिथं वरिष्ठ पंचायत कारभार करत होती. भारतात सामील व्हायचं तर करारावर सही करायला दुसरा पक्ष हवा, आणि तो कोणी सरकारचा प्रमुख हवा. म्हणून ऑगस्ट १९६१ मध्ये के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं त्या मुलखाचं पंतप्रधान केलं. एका बाजूला नेहरू, दुसऱ्या बाजूला बदलानी, आणि करार झाला. हसू येतं खरं. पण फॉर्म कोणाच्या नावानं भरायचा हे आपल्या तलाठी कार्यालयाइतकंच तिथंही महत्त्वाचं असतं.

त्यानंतर चार महिन्यांनी गोवा. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य आत शिरलं, १९ ला संपलं. सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकारानं पडला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम भारताच्या बाजूनं होतं का, यावर अजूनही पुस्तकं लिहिली जातात. मत माझंही आहे, पण ते इथं महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की तेरा वर्षं लिस्बन तो मुलूख आपलाच म्हणत राहिलं, आणि तिथली हुकूमशाही कोसळल्यावर ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत तह करून पोर्तुगालनं भारताची सत्ता मान्य केली. त्या तहात गोवा, दमण, दीव यांच्याबरोबर दादरा आणि नगर हवेलीही होती. सातबारा कबजाच्या नंतर आला, पण आला. तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांना विचार, बांद्याच्या पुढं पत्रादेवीला १९५५ च्या पंधरा ऑगस्टला काय झालं आणि त्यानंतर गोव्यातल्या सोयऱ्यांना भेटणं किती जड झालं. त्यांना आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे काय हे पुस्तकाआधी कळलेलं आहे.

तर हे दोन विषय एकत्र का, याचं माझं उत्तर असं. कोर्टात जिंकलेला भाऊबंद दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विहिरीवर भेटतो. देशांचंही तेच. त्यांना घर बदलता येत नाही, आणि हुकूम बजावायला बेलिफ नाही. म्हणून निकाल वाचायला यावा लागतो आणि विहिरीवरचं बोलणंही कळावं लागतं. मुळात संबंधांचा विषय स्वतंत्र झाला तोच पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला त्याचं पहिलं अध्यासन निघालं तेव्हा. त्याआधी तो इतिहास आणि कायद्याच्या पोटात होता. आणि सत्तेचं राजकारण हाच पाया म्हणणारा हान्स मॉर्गेनथाउ, ज्याचं १९४८ चं पुस्तक तुझ्या अभ्यासक्रमात नक्की असेल, तो मुळात वकिली शिकलेला होता. कायद्याच्या मर्यादा आतून पाहूनच तो बाहेर पडला.

कायदा आणि सत्ता कशा हातात हात घालून चालतात याची खूण तुमच्या जवळच आहे. वेंगुर्ल्याची डच वखार पाहिली आहेस का? नसेल तर एकदा जाऊन ये, पडझड झालीय तरी बघण्यासारखी आहे. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीनं गोव्याच्या पोर्तुगीजांवर डोळा ठेवायला ती जागा धरली. पोर्तुगीज तेव्हा अरबी समुद्र आपला समजत आणि त्यांचा परवाना, कार्ताज, नसलेलं जहाज पकडत. याच कंपनीसाठी ह्यूगो ग्रोशियस नावाच्या तरुण वकिलानं लिहिलेलं एक पुस्तक १६०९ मध्ये निघालं. समुद्र कोणाच्या मालकीचा असू शकत नाही, असा त्याचा दावा. आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात. तो धंद्याच्या वकिलीसाठी लिहीत होता हे सांगायला मात्र विसरतात. समुद्र मोकळा म्हणणारी तीच कंपनी पुढं मसाल्याच्या बेटांवर दुसऱ्या कोणाला फिरकू देत नव्हती.

बाबांना यात रस वाटला नाही तर डिझेलचं बोल. त्यांचा डिझेल परतावा राज्य सरकार देतं, पण त्याच्यावर चर्चा जिनिव्हात चालते. जागतिक व्यापार संघटनेत जून २०२२ मध्ये मासेमारीच्या अनुदानांवर पहिला करार झाला. बेकायदा मासेमारीला आणि आधीच संपत आलेल्या मासळीवर पैसा लावायचा नाही, एवढं ठरलं. पुढचा तुकडा, म्हणजे जादा बोटी आणि जादा इंधन यांवरचा, अडलेला आहे. भारत म्हणतो, आमचे मच्छीमार छोटे आहेत, विकसनशील देशांना पंचवीस वर्षांची मुदत द्या. देवगडच्या बागायतदारांनी असाच झटका २०१४ मध्ये खाल्ला. फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघानं १ मेपासून हापूस बंद केला, तो जानेवारी २०१५ मध्ये उघडला. त्या एका हंगामात कीड, निर्यात आणि करार हे तीन शब्द देवगडात एका दमात बोलले गेले.

आता कामाचं. थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, पदवीचं नाव नीट वाच. एम.ए. असेल तर कोणत्याही पदवीवर चालतं, एल.एल.एम. असेल तर आधी एल.एल.बी. लागतं. जोड-पदवी घेऊन काळा कोट चढत नाही, हे पक्कं ध्यानात ठेव. वकिलीची इच्छा असेल तर आधी राज्याची सीईटी देऊन तीन वर्षांचं एल.एल.बी. कर. माझा कल तिकडंच आहे. कायदा घाईनं वरवर शिकता येत नाही, संबंध पुढंही वाचत राहता येतात. तुझे दुसरे सर रागावतील, रागावू देत.

दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रशालेत दोन्ही परंपरा एका छपराखाली आहेत. ती प्रशाला १९५५ मध्ये सप्रू हाउसमध्ये निघालेल्या संस्थेतून आली. तिथल्या आर. पी. आनंद यांनी सागरी कायद्याचा इतिहास आशियाच्या किनाऱ्यावरून लिहिला. त्यांचं पुस्तक ग्रंथालयात मिळालं तर सोडू नकोस. सार्क देशांच्या साउथ एशियन युनिव्हर्सिटीत आंतरराष्ट्रीय कायद्याचं एल.एल.एम. आणि संबंधांचं एम.ए. शेजारी शेजारी आहेत. पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंकेची मुलं वर्गात असतील तर सीमेवरचा तास नुसता तास राहत नाही. इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉ ही १९५९ ची संस्था कायदा आणि राजनय यांची पदव्युत्तर पदविका देते. परवडायला ती सोपी. परदेशात अमेरिकेतल्या फ्लेचर स्कूलची पदवी 'कायदा आणि राजनय' याच नावाची आहे, शशी थरूर तिथलेच. पण त्या फीचे आकडे पाहून बाबा पुन्हा पडवीत जातील, तेव्हा शिष्यवृत्तीचं आधी बघ. हेगच्या अकादमीचे उन्हाळी वर्गही असतात, काही आठवड्यांचे, आणि त्यांनाही शिष्यवृत्ती आहे.

पुढं काय, असं वाडीत सगळे विचारणार. परराष्ट्र मंत्रालयात कायदा आणि करार यांचा स्वतंत्र विभाग आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय आहे, आणि कायदा घेतलास तर त्यात आंतरराष्ट्रीय कायदा येतोच. मुंबईत जहाजांच्या विम्याचं आणि दाव्यांचं काम करणाऱ्या वकिली कचेऱ्या आहेत. छोट्या मच्छीमारांसाठी काम करणारी आयसीएसएफ ही आंतरराष्ट्रीय संस्था चेन्नईत बसते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं २०१४ मध्ये छोट्या मासेमारीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यामागं अशा संस्थांची वर्षानुवर्षांची खटपट होती. रापण ओढलेल्या घरातली मुलगी तिथं गेली तर तिला 'छोटा मच्छीमार' या शब्दाची व्याख्या कोणाकडून शिकावी लागणार नाही. आणि सिंधुदुर्गातून एवढ्या लांब कोण गेलंय असं कोणी म्हणालं, तर सांग की १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झालेल्या विजयालक्ष्मी पंडित यांच्या सासरचं मूळ गाव आपलं बांबुळी.

शेवटी एक काम देतो. हेगच्या त्या १९६० च्या निकालाची प्रत न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. इंग्रजी जड आहे, पण मराठ्यांच्या तहाचा भाग आठ-दहा पानांचाच आहे. तेवढा काढ, आणि बाबांना मालवणीत सांग. मग तुमच्या पाणंदीच्या कागदांचं बोचकं खाली काढून दोघं मिळून बघा, दाव्यात वाट मागितलीय ती माणसांची की गाडीची. चौदा वर्षं कशापायी अडलंय ते बहुतेक तिथंच सापडेल. सापडलं तर मला कळव.